सगळे एकदम वाजले पाहिजेत

२ एप्रिल, गुरुवार
जेवण गेलं नाही. परवा वरच्या धरणातून पाणी सोडलं, माझ्या वेबसाइटवरून सगळ्यांच्या फोनवर सूचनाही गेली, तरी पाणी आधी पोहोचलं. ताई-भाऊजींची डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांची वाडी, नदीच्या पात्रात, वाळूवर. उन्हाळाभर झोपडीही तिथेच. खालचे वेल गेले ते गेले, त्यांच्या छकुलीला भाऊजींनी कमरेएवढ्या पाण्यातून खांद्यावर बसवून काढलं. मला एवढंच म्हणाले, "तुही घंटी पाणी आल्यावर वाजते."
खरं आहे.

४ एप्रिल, शनिवार
माझं ऑनलाइन सेंटर लवकर बंद केलं. सूचना पाठवणारी सेवा बदलायचीच. भूषणशी फोनवर वाद. साइटचं तांत्रिक काम तो बघतो, जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधून, ड्युटी आटोपली की. तीन कंपन्या समोर आहेत. फुकटी (सध्याची), मोठी, निळी. भूषणचा जीव मोठीवर. कोणी उघडलं, कुठून उघडलं, सगळे आलेख दिसतात म्हणे. म्हटलं, आलेख काय चाटायचेत? माणसं काठावर यायला पाहिजेत. तो म्हणाला, मग ग्रुपवर टाक. ग्रुपवरची सूचना सुविचारांखाली गाडली जाते हे त्याला किती वेळा सांगायचं.
चिडून फोन ठेवला. मीच.

७ एप्रिल, मंगळवार
नदीवर जाऊन आले. आजवर काठावरूनच परतायचे, आज वाळूत उतरले आणि बघतच राहिले. खाली रेंज नाही. म्हणून उंचवट्यावर एक लांब बांबू रोवलाय आणि सगळ्या डांगरवाडीचे फोन पिशव्यांमधून त्याला टांगलेले! कामं संपली की ज्याचा तो काढून बघतो. एखादा वाजला तर कोणी मान वर करत नाही.
ताई वेलांना पाणी घालता घालता म्हणाली, "एक वाजला त घरचा फोन असन म्हनतो. सारे एकदम वाजले, त पळतो. पहिले लेकरं, मग फोन."
हे कुठल्याच कंपनीच्या तुलनेच्या तक्त्यात नव्हतं. आम्ही दोघं तीन दिवस भलतंच मोजत होतो.

१० एप्रिल, शुक्रवार
मी बांबूखाली, भूषण क्वार्टरमधून पाठवणार. त्यासाठी ताईच्या आणि शेजारच्या कुसुमबाईंच्या घरच्या फोनवर तिन्ही चाचणीपुरत्या चालू करून घेतल्या.
फुकटी: एक वाजला. मग शांत. मी चहा पिऊन झाल्यावर दुसरा.
मोठी: आली सगळ्यांवर, पण बॅटरी वाचवायला लावलेले फोन मुके. इथे चार्जिंगची मारामार, सगळेच तसं लावतात.
निळी: 'तातडीची' म्हणून पाठवायची सोय आहे. सगळे एकदम वाजले. कुसुमबाई हंडा टाकून धावत आल्या. हसू आलं आणि रडूही.
निळीच.

१२ एप्रिल, रविवार
नवी अडचण. जुन्या परवानग्या निळीकडे जात नाहीत. प्रत्येक फोनवर पुन्हा 'परवानगी' दाबावी लागेल. भूषणने हे आत्ता सांगितलं, शहाणा. दिवसभर वाळूत उन्हात उभं राहून एकेक फोन बांबूवरून उतरवला, दाबलं, टांगला. ताईचा झाला.
भाऊजींनी दिला नाही. खिशातच ठेवला. म्हणाले, "मले काहून पाहिजे? मी पान्याकडं पाहून राहतो." ताईने डोळ्यांनी खुणावलं, नको बोलू. पुढचा फोन उतरवला.
ताईचे उरलेले वेल पलीकडच्या बेटावर आहेत, मधला ओहोळ ओलांडून. आता तिच्या घरचे सगळे तिकडेच राबतात, छकुलीसुद्धा. तिथून बांबू ऐकू येतो का, हे बघायचं राहिलं. अंधार पडत होता. पुढच्या फेरीत नक्की.

१५ एप्रिल, बुधवार
पंचायतीतून निरोप आला, पाणी सोडलं. निळीवरून लगेच पाठवली, तातडीची.
कुसुमबाईंना फोन लागला. धापा टाकत होत्या. सारे काठावर आले, बांबू असा वाजला की विचारू नको, म्हणाल्या. ताईचं विचारलं. "ते त सकाळपासून पलीकडं व्हते नं माय. आमी आपापले फोन काढले नं पळालो. तिचा तिथंच लटकून व्हता." माणसं हाका मारायला गेलीत म्हणे.
भाऊजींचा लागत नाही. बेटावर रेंज नाहीच. भूषण ड्युटी सोडून निघालाय. मी ऑटो बोलावलाय, येतच असेल. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.
ताईचा फोन लागतो. वाजतो आणि बंद होतो. पुन्हा लावते.
समोर निळीचा पडदा उघडा आहे. सूचना पोहोचल्याची हिरवी खूण सगळ्यांपुढे. ताईच्याही नावापुढे.