काळ्या ड्रमसेटचा पिवळा

जिते, ता. पेण
९ मार्च १९९७

प्रिय दादास,
दिपिकाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आई बरी आहे. तिचा गुडघा थंडीत दुखत होता, आता ऊन पडल्यापासून कमी आहे. आबा रोज मिठागरावर जातात. यंदा मीठ लवकर पडायला लागलंय. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात जाते. सध्या कच्च्या मूर्ती घासायचं काम आहे, रंगाला अजून अवकाश आहे. तिकडे शारजात गरम व्हायला लागलं असेल. जेवणाची आबाळ करू नकोस.

मे महिन्यात कायमचा येतोस हे वाचून आईने शेजारच्या चार घरी जाऊन सांगितलं. तू दोन गोष्टी विचारल्यास. ड्रमसेट कसा आहे, आणि तुझ्या खोलीतला जगन तुझ्याशी बोलेनासा का झालाय. आधी ड्रमसेटचं लिहिते.

भादव्यातल्या अमावस्येला उधाणाचं पाणी बांध फोडून आत आलं, हे आबांनी तुला तेव्हाच कळवलं होतं. घरात पाणी आलं होतं, हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. तू काळजी करशील म्हणून. पडवीत गुडघाभर पाणी होतं. तुझा सेट खालीच होता. मी आणि आबांनी तो माळ्यावर चढवला, पण तोवर बास आणि मोठा टॉम हे दोन ड्रम भिजले होते. आठवड्याभरात त्यांच्यावरचं काळं आवरण कडेने सुटायला लागलं. आत खारं पाणी शिरून डिंक गेला होता. बोट घातलं की सालीसारखं निघायचं. लाकूडही एका जागी फुगलं होतं.

मी तो रोह्याला जमालचाचांकडे नेला. ते आता फर्निचरच करतात, पण पूर्वी ब्रास बँडचे ढोल तेच दुरुस्त करायचे. सेट एकसारखा दिसावा म्हणून त्यांनी पाचही ड्रमचं आवरण काढलं, लाकूड सावलीत वाळवलं, फुगलेल्या जागी डिंक भरून शिकंज्यात आवळून ठेवलं. दिवाळीनंतर मी आणायला गेले तेव्हा पाचही ड्रम उघडे, फिक्या लाकडाचे, ओळीने मांडलेले होते. दादा, तो सेट तसा मी पहिल्यांदा पाहिला. काळ्याच्या आत एवढं गोरं लाकूड असेल असं वाटलं नव्हतं.

चाचा म्हणाले, "नुसता पॉलिश मार नि सोड. लाकडाला लाकूड दिसू दे. रंग कशाला?"

तुझ्या बेंजो पार्टीचा पुंडलिक टेम्पो घेऊन आला होता. तो म्हणाला, "पॉलिश? शाळेचं बाकडं वाटंल ते! चंदेरी चमकी लाव. हॅलोजन पडला की वरातीत लोकांचे डोळे दिपायला पायजेत."

आई म्हणाली लाल कर, शुभ असतो. पुंडलिकच्या बायकोने माझ्याकडे बघून गुलाबी सुचवला. का, ते तिलाच ठाऊक.

तुला काळा का आवडायचा ते मला माहीत आहे. तू म्हणायचास, माणूस दिसला पाहिजे, ड्रम नाही. पण काळा सेट मी पुसायचे ना, तू नाही. काळ्यावर बोटं उठतात, मिठाची धूळ बसते, एक ओरखडा पडला तरी लांबून पांढरी रेघ दिसते. आणि खरं सांगू? लांबून काळ्या सेटला आकारच राहत नाही. टॉम कुठे संपतो नि बास कुठे सुरू होतो, कळत नाही. कारखान्यात आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती हीच, की रंग हातात धरून बघायचा नाही, चार पावलं मागे जाऊन बघायचा.

म्हणून मी मूर्तीच्या पितांबराचा पिवळा घेतला. हळदीसारखा कोरडा नाही, थोडा तांबूस. मधे तो उजळ ठेवला आणि दोन्ही कडांकडे स्प्रे गनने तपकिरी छाया मारत नेली, जशी पितांबराच्या चुणीत मारतो. कुठे पिवळा संपला ते दिसत नाही. खालच्या लाकडाच्या रेषा दिसत राहतील एवढाच पातळ हात दिला, म्हणजे चाचांचंही राहिलं. वरून लॅकर. गन कारखान्याचीच. गणपती गेल्यावर ती रिकामीच असते. मालक म्हणाले, "देवाचा रंग ढोलाला?" मी म्हटलं, "तो वाजतो कुणापुढे?" ते हसले आणि लॅकरचा डबा स्वतःच काढून दिला.

तुला न विचारता केलं. विचारलं असतं तर तू काळाच सांगितला असतास, आणि काळा मला लावायचा नव्हता. आवरण खाऱ्या पाण्याने गेलं, पण रंग मी निवडला. पाण्यावर ढकलणार नाही.

आता पुढचं. चामडी ताणल्यावर आवाज बघावा लागतो, म्हणून मी वाजवून बघायला लागले. तू सराव करायचास तेव्हा मी समोरच्या पायरीवर बसून मांडीवर तेच करायचे, तुला आठवत नसेल. मग रोज कारखान्यातून आल्यावर बसायला लागले. आईला वाटलं, रंग वाळतोय का ते बघते. आबांना मात्र कळलं होतं.

तुझ्या जागी पुंडलिकने जो घेतला होता तो धाटावच्या कंपनीत लागला. शिफ्ट असली की येत नाही. माघात रोह्याजवळ एका लग्नाची सुपारी होती. सकाळी टेम्पो दारात आला, सेट चढवला, आणि निरोप आला की त्याला डबल शिफ्ट पडली. पुंडलिक कपाळ धरून बसला. मी म्हटलं, "मी येते वाजवायला."

"तू? मस्करी करू नको गो. चार तास वाजवायचं हाय."

"चार तास बसून बघ. जमलं नाय तर उतरव."

त्याने आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? तिला विचार."

दादा, मी वाजवलं. सुरुवातीला हात दगड झाले होते. एका गाण्याला मी एवढी पुढे पळाले की पुंडलिकने मागे वळून डोळे वटारले. मग सापडलं. लोक आधी मला बघायला जमले, जत्रेत अस्वल बघायला जमतात तसे. थोड्या वेळाने नाचायला लागले आणि मला विसरले. ते विसरले तेव्हा मला जे वाटलं ते मी तुलाच सांगू शकते. दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

त्या लग्नात अष्टमीचे, जगनच्या गावचे लोकही होते.

जगनच्या धाकट्या भावासाठी तू माझं स्थळ सुचवलंस, मार्गशीर्षात पसंती झाली, सगळं छान चाललं होतं. मुलगा वाईट नाही. मी त्याच्याशी दोनदा बोलले, शांत आहे. पण त्याचे काका त्या मांडवात होते. तिसऱ्या दिवशी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "झालं ते झालं. यापुढं पोरगी बेंजोत बसणार नाय एवढं सांगा, मग साखरपुड्याची तारीख धरू."

आबा आत आले. मला म्हणाले, "काय सांगू?"

मी म्हटलं, "बसणार हाय म्हणून सांगा."

मला वाटलं आबा समजावतील, निदान तुला कळवू म्हणतील. ते ओटीवर गेले आणि तसंच सांगितलं. माझ्या वाक्यात एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. काका उठून गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अजूनही भांडी जोरात ठेवते.

म्हणून जगन बोलत नसेल. एका खोलीत राहून तुला ते सोसावं लागतंय याचं मला फार वाईट वाटतं. त्याची माफी मागू नकोस. मागायचीच तर मी मागेन, आणि मला अजून मागावीशी वाटत नाही.

आता तू लिहितोस, येऊन पुन्हा ड्रमवर बसणार. सेट तुझा आहे. पुंडलिकही म्हणतो, विशाल आला की विशालच. मी कुणाला काही बोलले नाही. पण तुझ्यापासून लपवून तुझं स्वागत करणं मला जमणार नाही. दादा, मला उठायचं नाहीये.

सोबत रंगीत फोटो आहे. जमालचाचांच्या दुकानासमोर काढलाय. चार पावलं मागे जाऊन बघ.

तुझ्या उत्तराची भीती वाटणारी, तरी वाट बघणारी,
दिपिका


शारजा
४ एप्रिल १९९७

प्रिय दिपिका,

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार राग आला. रंगाचा आला की लग्नाचा, ते मला सांगता येणार नाही. फोटो गादीखाली टाकला आणि कामावर गेलो.

जगनशी बोललो. माफी मागितली नाही. तो म्हणाला, "तुझी बहीण खरंच वाजवते?" मी फोटो काढून दाखवला. त्याने तो हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, "काकांनी आम्हाला विचारलंच नाय." त्याच्या भावाचं काय म्हणणं आहे ते जगनला भावालाच विचारू दे. तू त्यावर काही आशा बांधू नकोस. आम्ही आता एकत्र जेवतो.

इकडे एका मोठ्या दुकानाच्या काचेत ड्रमसेट ठेवलेले असतात. शुक्रवारी मी तिथे उभा राहायचो. गेल्या शुक्रवारीही गेलो. आत जाऊन काठ्या हातात घेतल्या. दुकानवाला म्हणाला, बसा, वाजवा. मी बसलो नाही. तिथे मला कळलं की बसायची ओढ राहिली नाहीये. येऊन पुन्हा वाजवीन असं तुम्हाला लिहिलं, कारण येऊन दुसरं काय करीन ते मला सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही. आबांना हे एवढ्यात सांगू नकोस, मी आल्यावर बोलेन.

पुंडलिकला वेगळं पत्र टाकलंय. विशाल आला की विशाल, असं यापुढे म्हणू नको म्हणून.

पिवळा मला आवडला नाही. चार पावलं मागे जाऊनही नाही. हळदीच्या मांडवात तो दिसणारसुद्धा नाही, बघ. पण छाया फार सुरेख उतरली आहे, कुठे सुरू होते ते मी नखाने शोधत होतो. मी आल्यावर यावर भांडू. तू ऐकू नकोस.

आईला सांभाळ. भांडी ती आणखी थोडे दिवस आपटेल.

पूर्वी ज्याचा ड्रमसेट होता, तो
तुझा दादा
विशाल