शालीचं तबक

शुक्रवार, संध्याकाळ

आमच्या विभागप्रमुखांना आज विद्यापीठाचा उत्कृष्ट शिक्षक पुरस्कार मिळाला. मानपत्र मी लिहिलं. सरांना शिकवताना कधी पाहिलंच नाही, त्यांचे तास मीच घेते. मग लिहू काय? जे मी करते तेच लिहिलं. शिक्षण सोडलेल्या मुलीला मौद्याला जाऊन परत आणलं, तेसुद्धा. ऐकताना सरांचे डोळे भरून आले. मी बाजूला शालीचं तबक धरून उभी. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना या पुरस्कारासाठी अर्जच करता येत नाही, माहीत होतं. तरी टाळ्या वाजल्या तेव्हा वाटलंच... जाऊ दे.

घरी आईनं फोटो पाहिला. "तू कुठी हायेस वं याच्यात?"

तबकाच्या कडेवरचा माझा अंगठा मोठा करून दाखवला.

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "शाल चांगली हाये."