दुसरा पेला

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तुझी सहकारी काल येऊन गेली. "काका, सहज डोकावले हो!" असे म्हणाली; परंतु दारातच तिने पाणी मागितले, तेव्हा मला हसू आले. तुरुंगाऐवजी घरी राहून शिक्षा भोगणाऱ्यांवर देखरेख कशी ठेवावी, हे तुम्हा दोघींना मीच शिकवले. गृहभेटीत पाणी मागावे आणि त्या माणसामागून स्वयंपाकघरात शिरावे. घर चालते आहे की नुसते उभे आहे, ते तिथे कळते.

तू कोणाला तरी पाठवशील, हा अंदाज होताच; मग तू मला तुझ्याकडे नेऊन ठेवशील, या धास्तीने मी सकाळीच ओटा घासला होता. टोपलीत ताजी फळे रचली होती आणि दोन पेले विसळून पालथे घातले होते, जणू नुकतेच कोणी येऊन गेले असावे.

"झकास चाललंय की काका! उगाच ताई रजा काढून यायला निघाली होती. सांगते तिला, नको येऊस." बिचारी घाईत होती, हल्ली एकेकीच्या गळ्यात इतकी माणसे बांधतात, की भेट पाण्यावरच आटोपते.

घर फारच नीटनेटके दिसले, तर आणखी थोडे बसावे, हेही मी शिकवले होते. तू बसली असतीस.

हे पत्र टपालात टाकणार नाही. दुसऱ्या पेल्याखाली ठेवतो. कधी आलीस आणि पाणी मागितलेस, तर सापडेल.

तुझी वाट पाहणारा,
बाबा