कार्ताहेनाची वाटी

३ नोव्हेंबर १९६३, बॉबलिंगेन, जर्मनी
सुखरूप पोहोचले. खोली उत्तम आहे. माझ्या भाच्याच्या, श्रीरंगच्या, वसतिगृहात बायकांना मज्जाव, म्हणून त्याने मला फ्राऊ हाइडे या विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर उतरवलं. तो झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात. भेट फक्त रविवारी. हरकत नाही. तीस वर्षं शाळा चालवली, चार आठवडे एकटीने काढता येतील. एक डिसेंबरला जिनोव्हाहून माझी बोट. तिकीट पेटीत आहे. नाशिकला मालिनीने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे. उरलेलं आयुष्य बहिणीबहिणी एकत्र राहू.

भिंतीवर मोठा फोटो आहे. कार्ताहेना, कोलंबियातलं स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं बंदर. जाड तटबंदी, पलीकडे समुद्र, गल्लीवर झुकलेले लाकडी सज्जे. एका सज्ज्यात दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. बाईंचा भाऊ तिथे व्यापारी होता. फोटोखालच्या फळीवर तिथलीच मातीची वाटी आहे.

६ नोव्हेंबर
सकाळी वाटीत दोन वड्या. चक्क नारळाच्या! तीन दिवसांत कुणी माझ्याशी दहा वाक्यंही बोललेलं नाही, त्यात हा पाहुणचार. फ्राऊ हाइडे दिसायला खडूस, पण रीत जाणतात. भरून आलेलं भांडं रिकामं परत करायची आमच्यात पद्धत नाही. वाटी धुतली, घरून आणलेल्या शंकरपाळ्या भरून फळीवर ठेवली. झाडायला येतील तेव्हा नेतील.

१० नोव्हेंबर
रोज वड्या, रोज परतफेड. शंकरपाळ्या संपल्या, आता लाडू. श्रीरंग हसला. म्हणाला, ‘आत्या, तू हेडमिस्ट्रेस होतीस की आचारी? इथे शेजारी नमस्कारसुद्धा हात राखून करतात.’ जाताना त्याने फ्राऊ हाइडेंचे आभार मानले. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

११ नोव्हेंबर
फ्राऊ हाइडे वर आल्या, पण उंबरा ओलांडला नाही. मोडक्या इंग्रजीत सांगितलं ते असं. वड्या त्यांच्या नव्हेत. वाटी त्यांच्या भावजयीची, एल्विराची. भावाने तिला कार्ताहेनाहून आणलं आणि वर्षभरात तो वारला. ती या खोलीत अकरा वर्षं राहिली, इथेच गेली. नारळ मिळाला की वड्या करून शेजाऱ्यांच्या दारात ठेवायची. वाटी परत यायची ती स्वच्छ धुतलेली, रिकामी. तिच्याकडे कधी कुणी आलं नाही. आधीच्या भाडेकऱ्यांनाही वड्या दिसल्या. त्यांनी वाटी रिकामी करून ठेवली आणि ते थांबलं.

मी काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या कठडा धरून जिना उतरल्या.

१५ नोव्हेंबर
असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरीही वाटीत आज काही घातलं नाही. पुरे झालं.

१६ नोव्हेंबर
वाटीत वाळू. ओली आणि गरम. खिडकीबाहेर बर्फ पडतो आहे.
शाल सापडत नाही. दुपारी फोटोकडे लक्ष गेलं. डावीकडच्या खुर्चीच्या पाठीवर — काठ माझ्याच शालीचा आहे. मी दिलं नाही, म्हणून घेतलं.

२० नोव्हेंबर
फोटो उतरवून जिन्यात पालथा ठेवला. फिरून आले तर भिंतीवर. मागची भिंत उन्हात तापल्यासारखी. खारा वारा. घंटा — इथल्या चर्चची नव्हे.

२३ नोव्हेंबर
वाटीत लोखंडी किल्ली.
पेटीत तिकीट नाही. सगळी पेटी उपसली. नाही.
उजव्या खुर्चीवर बाई बसली आहे. मांडीवर कागद. डावी खुर्ची — शालीची — रिकामी.

२४ नोव्हेंबर, रविवार
फ्राऊ हाइडेंकडून श्रीरंगला फोन करवला. अकराला मला न्यायला येतो. सामान बांधून दाराशी बसले आहे.

खोलीचं दार उघडत नाही. माझ्या किल्लीने नाही.
ती किल्ली बसते.

श्रीरंग हाक मारतो आहे — आत्या, आत्या — खालून, फार खालून, गल्लीतून —
उघडलं. जिना नाही. सज्जा. ऊन. तिने खुर्ची पुढे सरकवली. तिकीट तिच्याच हातात. दोन पावलं, घ्यायचं आणि परत फिरायचं, एवढंच —
पण कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं, तेही रिकाम्या हाताने — वाटीत काय घालू — माझ्याकडे आता काही —