यंत्र पुसू नकोस

तीर्थरूप आई, लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवते; काल तेवढा घास उतरला नाही. तुझे गुडघे काय म्हणतात?

मागे आमच्या संस्थेने एका गावाला विचारलं, काय हवं? बायका म्हणाल्या, ओढ्यावर पूल. पण देणगीदारांना शिलाई यंत्रंच द्यायची होती. मग मीच गोड बोलून बायकांना राजी केलं.

काल पाहणीला गेले. यंत्रं लख्ख पुसलेली, सुयांत दोरासुद्धा ओवलेला. "कशी आहेत?" विचारलं, तर एक आजी म्हणाल्या, "छान आहेत हो!" निघाले आणि विसरलेला चष्मा घ्यायला परतले, तर यंत्रांवर पोती पडली होती. बायका पोरांना कडेवर घेऊन ओढ्यात उतरल्या होत्या, कमरेएवढ्या पाण्यात.

आई, मी पाठवलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल विचारलं, की तूही अगदी तश्शीच "छान आहे हो" म्हणतेस. धाकटी सांगत होती, त्यावर एरवी डबे असतात. मी येणार कळलं की तू ते हलवून यंत्र पुसतेस.

पुढच्या महिन्यात येतेय. डबे राहू देत. तुला काय हवं होतं, ते मात्र सांग.

तुझी,
न विचारता देणारी थोरली