दाराबाहेरच्या तीन हाका

मोम्बासा, शुक्रवार

प्रिय मुनिरा,

आपल्या दारापुढचा दगडी बाक बाबांना केवढ्याला पडला, ठाऊक आहे? दोन मचवे भरून प्रवाळी दगड, एका भट्टीचा चुना, आणि शेजारच्या उमरशेखची मैत्री. बाक गल्लीत हातभर पुढे आला म्हणून तो मरेपर्यंत बाबांशी बोलला नाही. बसायला मात्र रोज त्याच बाकावर यायचा.

आता संध्याकाळी तिथे मी बसतो. बंदरात दोरखंड वाहणारा तुझा दादा आज तीन दुकानांचा मालक आहे. पुलापलीकडे सातव्या मजल्यावर राहतो, लिफ्टने वर जातो, पलंगावरून समुद्र बघतो. तरी कॉफी प्यायला इथेच. कान उघडे आणि तोंड बंद ठेवून वर आलेला माणूस मी, हे तुला सांगायला नको.

महिनाभर झाला, बाकावर हारिथ नावाचा तरुण येऊन बसतो. नगररचना खात्यातला. गोड बोलतो, गरम महामरी, नारळदुधातले गोड वडे, आणतो, म्हणतो, "काका, ही गल्ली म्हणजे शहराचा दागिना. पुनर्विकासाची योजना आली तरी एक दगड हलणार नाही." मुनिरा, आयुष्यभर दोर विकलेत मी. मालाची इतकी स्तुती करणारं गिऱ्हाईक सरळ निघाल्याचं आठवत नाही.

परवा समोरच्या रिझिकीमावशींनी हटकलं. "बदरू, तुझ्याकडे पाहुणा आला होता रे. तो कॉफीवरचा पोरगा. रीतसर तीन हाका मारल्या. आतून कुणी 'करीबू, या' म्हणेना. मग माणसाने परत जावं की नाही? याने दाराची उजवी फळी उचलली, खांदा लावला, आणि गेला की आत! जणू माहेरच त्याचं!"

फळी उचलून खांदा लावला की कडी सुटते, हे आई गेल्यावर दोघांनाच ठाऊक. मला आणि तुला.

दुसऱ्या दिवशी दारावर कागद: घर रिकामं, वस्ती नाही. रिकामी घरं योजनेत जाणार. आपल्या घरात प्रवाशांचं विश्रामगृह होणार म्हणे. अर्धं घर तुझ्या नावावर. गेल्या ईदला तू फोनवर म्हणाली होतीस, "दादा, त्या भिंती सांभाळून मिळतं काय आपल्याला?" तेव्हा मी हसलो. आता ते वाक्य कानातून जात नाही. हारिथकडे तुझा मस्कतचा नंबर आहे का? काय काय सांगितलंस त्याला?

शनिवार

इथवर लिहून कागद खिशात ठेवला होता. आज बाकावर सगळ्यांदेखत म्हणालो, घरचंच माणूस फितूर झालंय. कॉफीवाला जुमा कप वाजवत हसायला लागला. "फितूर कोण, शेठ? चावी विसरलात त्या दिवशी पोराला दार कुणी उघडून दाखवलं? 'बघ, माझ्या आजोबांच्या सुताराची करामत!' आणि 'इथे कोण राहतं, आपण लिफ्टवाले!' हे तर तुमचं रोजचंच. आता बाकालासुद्धा पाठ झालंय." सगळे हसले. हारिथही हसला, पण नजर कपातच ठेवून.

तुझ्याशी भांडायला पत्र लिहायला घेतलं होतं. फाडणार होतो. पण तुझ्यावर संशय घेतला हे तुला कळायला हवं, आणि तुझी गरजही आहे. महिनाअखेरीस साहेब लोक पाहणीला येतील. रीतीप्रमाणे तीन हाका मारतील. तेव्हा आतून 'करीबू' यायला हवं, आणि अर्धं घर तुझं, तेव्हा अर्धा आवाजही तुझाच हवा. येशील? मी उद्याच बाडबिस्तरा घेऊन राहायला येतोय. गल्लीत सांगितलंय, बापजाद्यांचा वारसा जपायला परत येतोय. तुझ्यापाशी खरं सांगतो. लिफ्ट रमजानपासून बंद आहे.

तुझाच,
बदरूदादा