साप फक्त सूनबाईलाच दिसतो

२ जुलै, बुधवार

आज पुन्हा निघाला म्हणं. न्हाणीत. मी गोठ्यातनं येईस्तोवर गेलासुद्धा! सूनबाई संयोगिता दारात उभी, माझ्या नातीला, नंदूला कडेवर घेऊन. नंदू आपली हसतीया. तीन वर्षांच्या पोरीला साप काय आन दोरी काय. "केवढा होता गं?" म्हणलं. संयोगितानं दोन्ही हात पसरले. मागल्या वेळचा ह्याच्यापेक्षा वीतभर कमी होता.

जून लागल्यापासनं हा चौथा. चारी तिलाच दिसले. मी ह्या वस्तीवर पंचेचाळीस वर्षं काढली, तिन्ही बाजूंनी ऊस, साप मला नवा न्हाई. पण ह्या वर्षी मला एक दिसंना. डोळं माझं बरं हायत. सुईत दोरा मीच ओवते, तिला जमत न्हाई.

आन खबर तासाभरात सेलमला पोचती. तिथं तमिळ मुलखात माझा धनाजी गलाईचं दुकान चालवतो, सोनं गाळतो. दोन वर्षं झाली गावाकडं फिरकला न्हाई. संध्याकाळी त्याचा मला फोन — "आई, तू बघितलास का?" न्हाई म्हणलं. तर म्हणतो, "तू डोळ्यांनी बघितलास की सांग. दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. घराला कुलूप लावायचं आन तिघींना हिकडं आणायचं."

हिकडं म्हंजे दुकानामागच्या इमारतीत दोन खोल्या, तिसरा मजला. म्हशीला कुठं बांधू? कठड्याला?

सूनबाईला शहर पायजे. सरळ बोलायचं न्हाई म्हणून साप काढती. माझा संशय हाय.

हे सगळं फोनला सांगते. माझी लेक क्षमा वाईहून आलीवती, तिनं शिकवलं — चित्र दाबायचं, बोलायचं, अक्षरं आपोआप पडत्यात, तारीखपण. मला वाचता येत न्हाई. फोन कुणाला सांगत न्हाई, असं क्षमा म्हणती. बघू. म्हणून गोठ्यामागं येऊन बोलते.

५ जुलै, शनिवार

केरबाच्या वस्तीवरनं सहा गिनी कोंबड्या आणल्या. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोकं टकलं, चालणं सरपंचासारखं. केरबा म्हणाला, "मावशी, ह्या साप घरापाशी फिरकू देत न्हाईत. पण कानात बोळं घालून बसा." दहा-बारा दिवस कोंडून ठेवायच्या म्हणं, घर ओळखीचं झालं की सोडायच्या. न्हाईतर परत त्याच्याकडं पळत्यात.

सूनबाईला वाटलं मी सापाच्या भ्यानं आणल्या. वाटू दे. मला साप धरायचा न्हाई, सून धरायचीया. साप आला तर ह्या वरडणार. न्हाई वरडल्या तर साप न्हाई. सोपं हाय.

९ जुलै, बुधवार

लय वरडत्यात. म्हशीनं दूध चोरलं.

१७ जुलै, गुरुवार

सोडल्या. दिवसभरात कुणाकुणाला वरडल्या — पोस्टमन, केरबाची मोटरसायकल, वाळत घातलेलं माझं लुगडं, उसावरनं गेलेलं विमान. नंदू त्यांच्यामागं, त्या नंदूच्या मागं. असल्या भित्र्या जातीवर भरवसा ठेवला म्हणून मलाच हसू आलं. पण केरबाकडनं आणल्यात, परत कशा करू? तो गावभर सांगत फिरंल.

२० जुलै, रविवार

आज कळलं. वरडण्यात फरक हाय! माणूस दिसला की वरडत पळत्यात. दुपारी बांधावर धामण निघाली तवा पळाल्या न्हाईत. सहाच्या सहा गोल करून उभ्या, माना खाली, आन आवाज वेगळा — गंजलेला रहाट फिरवावा तसा. धामण बिचारी लाजून उसात गेली.

बांधावरची धामण मी मोजत न्हाई. ती उंदरं खाती, तिला कोण भितंय. धनाजीला सांगायचं काय कारण न्हाई.

२२ जुलै, मंगळवार

धरली!

पाचवा साप. चुलीमागं. सूनबाई वरडत बाहेर आली. आन कोंबड्या? स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच कणी टिपत होत्या. एकीनं मान वर केली न्हाई. म्हणलं, "सूनबाई, तुझा साप लय गुणाचा. पाहुण्यासारखा आला, कोंबड्यांना कळूसुद्धा दिलं न्हाई." तिचं तोंड उतरलं. चुलीमागं काठी घालून बघितलं, एक झुरळ निघालं. म्हणलं, "हाच का?"

धनाजीला मीच फोन लावला. तो म्हणाला, मला वाटलंच, तिला भास होतो. तू बघितलास का? न्हाई रं बाबा. मग सोड, म्हणाला, दुकानात कामाची गर्दी हाय.

फोन ठेवला तर ही दारात. "आत्या, काय म्हणालं? येत्यात?"

येतो म्हणला असता तर हिनं आजच साड्या भरल्या असत्या. म्हणलं, न्हाई येत. आत गेली आन भाकरी थापायला बसली. थापटण्याचा आवाज मला नेहमीपेक्षा मोठा वाटला. नंदूला पण रागं भरली उगाच.

२८ जुलै, सोमवार

आज भावाचा उपास. मला सख्खा भाऊ न्हाई, लहानपणापासनं नागोबालाच भाऊ म्हणून धरलाय. उद्या पंचमी. उद्या चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, तवा ठेवायचा न्हाई, माती उकरायची न्हाई. आन ह्या माझ्या सहा बाया पंचमीच्या दिवशी सापाला टोचून मारणार? त्याचं पाप कुणाला? आणणारीला.

म्हणून उद्या त्यांना डालग्याखाली कोंडणार. सूनबाई म्हणाली, "आत्या, नका कोंडू. एक दिवस सोडल्या तर काय होतंय?" एवढी काळजी कवापासनं? कोंबड्यांनी हिला खोटी पाडली, तरी हिला त्या मोकळ्या पायजेत. ह्यातपण काहीतरी हाय. मला अजून सापडलं न्हाई.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

सांगू का नको असं झालंय. फोनलासुद्धा.

सकाळी कोंबड्या कोंडल्या. पुरणाची दिंडं उकडली. सूनबाई लाह्या आन दूध घेऊन बायकांबरोबर वारुळाला गेली. नंदू सोप्यात चटईवर झोपलीवती. मी दिंडं झाकून बाहेर आले. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ निघती, तसा आवाज. म्हणलं कुकर तर लावला न्हाई.

घोणस. भिताडाच्या कडेनं, नंदूच्या उशापासनं हातभर. मनगटाएवढी जाड.

डालग्याखाली सहाही जणी रहाट फिरवत होत्या. तोच आवाज. मीच वरनं दगड ठेवलावता.

काठी उचलली न्हाई. पंचमी होती म्हणून न्हाई — हातच वर येईना. नंदूचा पाय धरला आन चटईसकट ओढली. घोणस थांबली, मग सरकत न्हाणीत गेली, मोरीतनं बाहेर. पोरगी झोपलेलीच.

सूनबाई आली. "काय झालं, आत्या? घाम का आलाय?" म्हणलं, चुलीपुढं होते. धनाजीचा फोन आला, पंचमीचा नमस्कार केला, हसत म्हणाला, "आज तरी भाऊ दिसला का?"

न्हाई म्हणलं.

३० जुलै, बुधवार

नंदूला माझ्या खाटेवर घेते. खाली ठेवत न्हाई.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज कोंबड्या मोरीच्या तोंडाशी गोल करून उभ्या. पाऊण तास. हटेनात. ती हितंच कुठंतरी हाय.

पाच वेळा मी सुनेला खोटं ठरवलं. सहावी वेळ माझी, आन खोटं मी बोलले. ते पण कुणाच्या जिवावर? ज्या पोरीसाठी ह्या घराला चिकटून बसलेय म्हणते, तिच्याच.

आता सांगायला पायजे. तिसरा मजला तर तिसरा मजला. म्हस केरबाकडं, कोंबड्या केरबाकडं. माझं गठुडं बांधलं. दोन लुगडी, देव, जात्याचा खुंटा — खुंटा काढून परत ठेवला. तिथं जातं कुठंय.

उद्या आधी सूनबाईला सांगते, मग धनाजीला. पाया पडले तिच्या तर कसं दिसंल ते?

२ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं. सूनबाईनं नंदूला उचलून पोटाशी धरलं. मग म्हणली, "तुमी जावा पायजे तर, आत्या. मी न्हाई जायची."

लग्नानंतर दीड वर्ष तिनं त्या दोन खोल्यांत काढलंय. ॲसिडचा वास, खिडकी बंद, मराठीत बोलायला फक्त भिंत. बाळंतपणाला आली ती त्यासाठीच परत गेली न्हाई. मी कवा विचारलंच न्हाई. "मग साप सांगून नवऱ्याला बोलवत होतीस कशाला?" म्हणलं.

मान खाली घालून म्हणाली, "त्यांनी यावं म्हणून. जायचं म्हणून न्हाई. पाचातले दोनच खरं होतं, आत्या."

गठुडं सोडलं. धनाजीला फोन लावला. म्हणलं, मी डोळ्यांनी बघितलं, नंदूच्या उशाला, मोरीला जाळी बसवायला बाप्या माणूस पायजे, ये; पण कुलूप आणू नको, आमी कुठं जात न्हाई. आज रात्रीच्या गाडीत बसतोय.

घोणस एक होती. मी दोन सांगितल्या.